विली नेल्सन: दीड तासाच्या श्रवणसत्रासाठी काय निवडावं?

डॅलसकर

आमच्या गानगटाचं पुढच्या महिन्यातलं सत्र विली नेल्सन या अमेरिकन कंट्री गायक-गीतकारावर ठरलं आहे. घरगुती बैठक, बारा-चौदा माणसं, वेळ दीड तास, आणि त्यातच बोलणंही. मंडळी भावगीत, गझल, ठुमरी मन लावून ऐकणारी. कंट्री संगीताची ओळख मात्र टोपी, घोडा आणि बँजो यापुढे नाही. गटात दोघं गिटार वाजवतात, त्यांना एखादं गाणं बसवायचं आहे.

विलीचे अल्बम शंभराच्या आसपास आहेत आणि ॲपवर नाव टाकलं की संकलनांचा नुसता पूर येतो. सुरुवात कुठून करावी? काय टाळावं? कोणती आवृत्ती खरी? 'त्यात एवढं काय आहे' असं विचारणाऱ्याला काय ऐकवावं?

मध्यलय

पहिली वीस मिनिटं विलीचा आवाज ऐकवूच नका. हा सल्ला उफराटा वाटेल, पण कारकीर्द घडली तशीच आहे. १९६०-६१ साली नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या राजधानीत तो गायक म्हणून कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पँपर म्युझिक या प्रकाशन कंपनीत आठवड्याला ५० डॉलरवर गाणी लिहीत होता. आणि १९६१ या एकाच वर्षात त्याच्या गाण्यांवर तिघांनी नाव कमावलं: फॅरन यंगचं 'हॅलो वॉल्स' कंट्रीच्या लोकप्रियतेच्या यादीत नऊ आठवडे पहिलं राहिलं, बिली वॉकरने 'फनी हाऊ टाइम स्लिप्स अवे' गायलं, आणि पॅट्सी क्लाइनने 'क्रेझी'.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फॅरन यंगचं 'हॅलो वॉल्स', जेमतेम अडीच मिनिटांचं. एकटा पडलेला माणूस भिंतीची, खिडकीची, छताची विचारपूस करतो एवढीच कल्पना. शब्द इतके साधे की इंग्रजी गाण्यांची सवय नसलेल्यालाही पहिल्या फेरीत कळतात, आणि शेवटच्या ओळींपर्यंत गंमत कधी निघून गेली ते लक्षात येत नाही.

मग पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी'. इथे थांबून बोला. जून १९६१ मध्ये तिला मोटारीचा मोठा अपघात झाला होता. ऑगस्टमध्ये ध्वनिमुद्रणाला आली तेव्हा बरगड्यांमुळे वरचे सूर लांबवता येईनात. निर्माता ओवेन ब्रॅडलीने त्या दिवशी वादकांचं मुद्रण उरकून घेतलं आणि तिचा आवाज काही आठवड्यांनी त्यावर चढवला. अडचण केवळ बरगड्यांची नव्हती. विलीने गाऊन दिलेल्या नमुन्यात शब्द ठेक्याच्या पुढेमागे पडत होते आणि ते तसं गाणं तिला जमेना. शेवटी तिने आपल्या पद्धतीने, शब्द जागच्या जागी ठेवून गायलं. गाणं कंट्रीच्या यादीत दुसऱ्या आणि पॉपच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं.

लगेच, मध्ये चहाबिहा न आणता, विलीचं स्वतःचं 'क्रेझी' लावा. 'अँड देन आय रोट' या १९६२ च्या पहिल्या अल्बममधलं. पॅट्सीची सरळ रेघ कानात ताजी असेल तरच विलीची वाकडी रेघ कळते. आधी विली ऐकवलात तर लोक म्हणतील, 'बेतालच आहे की हा.'

ठुमरी ऐकणाऱ्यांना मी असं सांगेन: ठेका चारचा, अगदी सरळ. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, ड्रमचा ब्रश दुसऱ्या आणि चौथ्यावर. विली ओळीचा पहिला शब्द मात्रा-दीड मात्रा उशिरा टाकतो, मधले शब्द बोलल्यासारखे भराभर उरकतो, कधी ठेक्याच्या पुढेही जातो, आणि ओळीचा हिशेब मात्र चुकवत नाही. बोलबनावातली शब्द खेळवण्याची गंमत ज्याला कळते त्याला हे पाच मिनिटांत कळेल. फक्त तुलना फार ताणू नका. इथे आवर्तनाची सम गाठल्याचा आनंद नसतो, दाद मागायची जागाच नसते. माणूस ठेक्याकडे लक्ष नसल्यासारखा बोलत राहतो, त्याचीच मजा आहे.

एक छोटा प्रयोग: सगळ्यांना दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यायला सांगा. आपले हात सवयीने पहिलीवर पडतात. दहा-बारा आवर्तनं गेली की हात बसतात, आणि मग विलीचे शब्द टाळ्यांच्या फटींत कुठे कुठे पडतात ते स्पष्ट ऐकू येतं.

पिवळा दिवा

वरच्या सल्ल्याशी असहमत. दीड तासातली वीस मिनिटं दुसऱ्यांची गाणी? सरळ 'स्टारडस्ट' (१९७८) लावा. निर्माता मेम्फिसचा बुकर टी. जोन्स. गाणी सगळी जुनी, अमेरिकेत घरोघरी माहीत असलेली: 'जॉर्जिया ऑन माय माइंड', 'ब्लू स्काइज', 'ऑल ऑफ मी', 'मूनलाइट इन व्हर्माँट'. वाद्यं कमी, आवाज जवळ. भावगीत ऐकणाऱ्याला यात परकं वाटेल असं काहीच नाही. कंपनीला हा अल्बम आतबट्ट्याचा वाटला होता आणि तो कंट्रीच्या यादीत दहा वर्षांच्या आसपास टिकला. यापेक्षा सोपं दार कोणतं?

मध्यलय

दार सोपं आहे, वाद नाही. पण त्या दारातून आत आलेला माणूस 'गोड आवाजाचा जुन्या गाण्यांचा गायक' एवढंच घेऊन जातो. 'स्टारडस्ट'मध्ये विलीने लिहिलेलं एकही गाणं नाही. शीर्षकगीताची चाल आणि 'जॉर्जिया'ची चालही होगी कारमायकलची. गीतकाराच्या सत्रात हा अल्बम उत्तरार्धात शोभतो. तोवर त्याचा शब्द टाकण्याचा ढंग ओळखीचा झालेला असतो, आणि मग दुसऱ्यांच्या चालींचं तो काय करतो ते कळतं.

जुनी टेप

आवृत्त्यांबद्दल. इथेच बहुतेकांची फसगत होते.

साठच्या दशकातले नमुने, म्हणजे दुसऱ्या गायकांना ऐकवण्यासाठी केलेली साधी मुद्रणं, वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या नावांनी इतक्यांदा विकली आहेत की मोजदाद नाही. मुखपृष्ठावर वेण्या घातलेला म्हातारा विली आणि आत १९६१ चा तिशीच्या आतला आवाज, असं दिसलं की समजायचं. नमुने ऐकण्यासारखे आहेत, पण ते 'क्रेझी: द डेमो सेशन्स' (२००३) या संचात ऐका, तो नीट संपादित केलेला आहे. उलटी फसगतही होते. लोकप्रिय गाणी त्याने पुढे पुन्हा पुन्हा गायली आहेत, त्यामुळे गाण्याच्या नावाने शोधाल तर ॲप कुठल्या तरी कार्यक्रमातली आवृत्ती पुढे करेल. गाणं शोधू नका, अल्बमच्या नावाने आणि सालाने शोधा, आणि यादीत टाकण्याआधी लांबी ताडून बघा.

आरसीए कंपनीचा काळ, १९६५ ते १९७२ च्या आसपासचा. निर्माता चेट ॲटकिन्स, स्वतः थोर गिटारवादक. पण त्या वेळची नॅशव्हिलची रीत अशी की गायक कुणीही असो, स्टुडिओतले ठरलेले वादक, मागे व्हायोलिनचा ताफा आणि कोरस. कोरसला ठरल्या मात्रेवर 'ऊ' म्हणायचं असतं. विलीसारखा गायक त्यात अडकतो, कारण त्याला मागे रेंगाळायला जागाच उरत नाही. हे अल्बम सत्रातून सरसकट गाळा, दोन सोडून.

एक, 'कंट्री म्युझिक कॉन्सर्ट', १९६६ चं थेट मुद्रण. ते फोर्ट वर्थच्या पँथर हॉलमधलं आहे, म्हणजे तुमच्या शेजारचंच. त्यात 'हॅलो वॉल्स' सलग जोडलेल्या गाण्यांच्या एका गुंफणीत आहे आणि बीटल्सचं 'यस्टरडे'ही आहे. कंपनीचा ताफा नसताना तो कसा गात होता याचा हा पुरावा. दुसरा 'यस्टरडेज वाइन' (१९७१), एका माणसाचा जन्म ते मरण असा सलग विषय घेतलेला. तेव्हा खपला नाही. पुढे 'रेड हेडेड स्ट्रेंजर'मध्ये जे जमलं त्याची तालीम इथे दिसते.

जुनी टेप

'रेड हेडेड स्ट्रेंजर'बद्दल वेगळं लिहितो, कारण दीड तासातला कणा हाच असावा.

१९७० च्या आसपास नॅशव्हिलजवळचं त्याचं घर जळालं. तो टेक्सासला परतला आणि पुढे ऑस्टिनला स्थायिक झाला. १९७२ मध्ये तिथल्या आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स या संगीतगृहात गायला तेव्हा समोर लांब केसांची कॉलेजची पोरं आणि शेतकरी शेजारी शेजारी बसले होते. पुढे ॲटलांटिक कंपनीकडे दोन अल्बम झाले. 'शॉटगन विली' (१९७३) आणि 'फेझेस अँड स्टेजेस' (१९७४). दुसऱ्यात एका घटस्फोटाची एक बाजू बायकोच्या तोंडून, दुसरी नवऱ्याच्या. वेळ असेल तर यातलं एखादं घ्या.

त्यानंतर कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीबरोबरच्या करारात त्याने एक कलम मिळवलं: काय आणि कसं मुद्रित करायचं हे तो ठरवणार. जानेवारी १९७५ मध्ये डॅलसच्या उपनगरात, गार्लंडच्या ऑटम साउंड स्टुडिओत काम झालं. खर्च चार हजार डॉलरच्या आसपास. गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफाएलची माउथऑर्गन, बास, जेमतेम ड्रम. कंपनीतल्या लोकांना ते ऐकून हा नमुना आहे, अल्बम यायचाय असं वाटलं. पण कलम होतं, जसा होता तसा निघाला.

ऐकवताना तीन काळज्या घ्या. शफल बंद ठेवा, नाहीतर कथेचा चिवडा होतो: बायको आणि तिचा प्रियकर यांना मारून भटकणाऱ्या एका धर्मोपदेशकाची ती कथा आहे. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता पुढचं सुरू करणारी सोय, बंद ठेवा, कारण तुकडे मिनिट-दीड मिनिटांचे आहेत, एकमेकांवर चढले की काही उरत नाही. आणि मूळ अल्बम १५ तुकड्यांचा, 'बँडेरा' या वाद्यतुकड्यावर संपणारा आहे. २००० सालच्या आवृत्तीत शेवटी चार जास्तीचे तुकडे आहेत, ते कथेचा भाग नाहीत.

सगळा अल्बम अर्ध्या तासाहून थोडा जास्त आहे. तेवढा वेळ नसेल तर सुरुवातीपासून शीर्षकगीतापर्यंत लावा, सुमारे १३ मिनिटं. 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन' त्यातच येतं. ते एकटं काढून लावू नका. आधी खून ऐकलेला असला की त्या गाण्यातली शांतता अंगावर येते.

नवा वाचक

माझ्या मते त्याने लिहिलेलं सर्वोत्तम गाणं 'ऑलवेज ऑन माय माइंड'. ते विसरू नका.

मध्यलय

गाणं घ्या, पण गीतकार म्हणून विलीचं नाव सांगू नका. ते वेन कार्सन, जॉनी क्रिस्टोफर आणि मार्क जेम्स या तिघांचं. विलीची १९८२ ची आवृत्ती सर्वांत गाजली, एवढंच. हा घोळ फार होतो, म्हणून यादीच देतो.

त्याची नसलेली: 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन' (फ्रेड रोझ), 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हे शीर्षकगीतही (एडिथ लिंडमन आणि कार्ल स्टट्झ), 'पाँचो अँड लेफ्टी' (टाउन्स व्हॅन झँट), 'स्टारडस्ट' सगळा.

त्याची असलेली, पण लोकांना दुसऱ्यांची वाटणारी: 'क्रेझी', 'हॅलो वॉल्स', आणि रॉय ऑर्बिसनचं १९६३ चं नाताळगीत 'प्रिटी पेपर'.

'ऑन द रोड अगेन' त्याचंच, 'हनीसकल रोझ' (१९८०) या चित्रपटासाठी. विमानात बसल्या बसल्या उलटीच्या कागदी पिशवीवर लिहिलं. गंमत म्हणून ठीक आहे, पण सत्राची सुरुवात किंवा शेवट त्याने करू नका, सगळेच करतात.

काळी पाच

गिटारवाल्या दोघांसाठी 'क्रेझी'च बसवा. 'ब्लू आइज' तीन कॉर्डचं आहे, सोपं, पण सोपेपणामुळेच उघडं पडतं. 'क्रेझी'त कॉर्डच आधार देतात.

बांधणी ३२ बारची (एक बार म्हणजे चार मात्रा): आठ-आठ बारचे चार भाग, पहिला, दुसरा आणि चौथा एका चालीचे, तिसरा वेगळा. म्हणजे मुखडा, पुन्हा मुखडा, अंतरा, आणि परत मुखडा. सी पट्टी धरली तर मुखड्याचा गाभा: सी, ए७, डी मायनर, जी७, सी. अंतऱ्यात: एफ, सी, डी७, जी७. शेवटच्या भागात एफवरून ई मायनर, डी मायनर असं पायरी पायरीने उतरत जी७ वरून सीला यायचं.

नेहमीची चूक: ए७ च्या जागी ए मायनर. हाताला सोपा आहे, पण गाण्याची जानच जाते. सीला सा मानला तर ए७ मध्ये कोमल रिषभ येतो आणि तो डी मायनरकडे ओढतो. ए मायनरमध्ये तो नाही, सगळं सपाट होतं. तसंच अंतऱ्यातल्या डी७ मध्ये तीव्र मध्यम आहे, तो जी७ कडे नेतो. हार्मोनियमवर हे दोन सूर नुसते वाजवून दाखवा, गटातल्या रागदारीवाल्यांना गाण्याचा नकाशा लगेच समजेल. पॅट्सीच्या मुद्रणाबरोबर वाजवायचं असेल तर ते बी फ्लॅटमध्ये सुरू होतं आणि शेवटी अर्ध्या सुराने वर चढतं. तेव्हा तिच्याबरोबर वाजवण्याचा मोह टाळा, आपलं आपण गा.

आता मागे रेंगाळून गाणं. तीन पायऱ्यांनी जा. पहिल्यांदा ओळ सरळ, पॅट्सीसारखी, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ७० च्या आसपास. ती घट्ट बसली की प्रत्येक ओळ एक मात्रा उशिरा सुरू करा, पण संपवा तिथेच जिथे आधी संपत होती. त्यामुळे मधले शब्द आपोआप दाटीने येतात. तिसऱ्या पायरीला मेट्रोनोम ३५ वर आणा आणि तो ठोका दुसरी आणि चौथी मात्रा माना.

बिघडतं कुठे? दोन जागी. गाणारा ओळीची सुरुवात मागे ढकलतो आणि शेवटही ढकलतो. मग पुढच्या ओळीचा कॉर्ड आलेला असतो आणि तोंडात अजून मागचा शब्द. दुसरं, साथ करणारा गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवतो. आपल्याकडे साथीला गायकामागे जाण्याची सवय असते, इथे ती घात करते. साथीदाराने गायकाकडे पाठ केली तरी चालेल. गायक मागे, साथ त्याच्यासाठी मागे, तो आणखी मागे, असं करत गाणं दोन मिनिटांत झोपतं. विलीच्या मागे ड्रमर पॉल इंग्लिश आणि त्याची मंडळी वर्षानुवर्षं न हलता वाजवत राहिली, म्हणून त्याला भटकता आलं.

पिवळा दिवा

त्या भोक पडलेल्या गिटारबद्दल कुणी काही सांगा की. लोक पहिला प्रश्न तोच विचारतील.

काळी पाच

ती 'ट्रिगर'. मार्टिन कंपनीची एन-२०, म्हणजे नायलॉनच्या तारांची क्लासिकल धाटणीची गिटार, १९६९ मध्ये घेतलेली. आधीची बाल्डविन मोडली तेव्हा नॅशव्हिलच्या शॉट जॅक्सनने तिचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज विजेवर उचलणारा भाग, काढून या मार्टिनमध्ये बसवला. म्हणून आवाज ना धड क्लासिकल ना धड इलेक्ट्रिक, मधलाच, किंचित खरखरीत आणि लगेच ओळखू येणारा. घराला आग लागली तेव्हा आत शिरून त्याने ही वाचवली.

भोक का पडलं? क्लासिकल गिटार बोटांनी वाजवायची असते, म्हणून तिला स्टीलच्या तारांच्या गिटारला असते तशी प्लॅस्टिकची रक्षक पट्टी नसते. विली तिच्यावर पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, चालवतो. वर्षानुवर्षं पिक आणि बोटं लाकडावर घासून तारांखाली, आवाजाच्या भोकाशेजारी दुसरं भोक पडलं. आतल्या पट्ट्या शाबूत ठेवण्यासाठी ऑस्टिनचा कारागीर मार्क अर्लवाइन तिची नेमाने दुरुस्ती करतो. पृष्ठभागावर शंभरावर सह्या आहेत.

तुमच्या दोघांना तसा आवाज हवा असेल तर नायलॉनची गिटार, मध्यम जाडीचा पिक, आणि पिक तारेवर तिरका न लावता सरळ. गिटारला पारदर्शक चिकटपट्टी मिळते ती आधी लावून घ्या. हौसेने क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका. ताण जवळपास दुप्पट होतो आणि ब्रिज उखडतो.

वादनात जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचा प्रभाव ऐका. ओळीच्या शेवटी येणारे ते चढते-उतरते तुटक सूर तिथलेच.

हिशेबनीस

गटात कुणी गाणी लिहिणारं असेल तर ही बाजूही बोलण्यात घ्या, विलीच्या कारकिर्दीत ती फार बोलकी आहे.

नॅशव्हिलला जाण्याआधी, ह्यूस्टनच्या दिवसांत, त्याने 'फॅमिली बायबल' ५० डॉलरला आणि 'नाइट लाइफ' १५० डॉलरला विकलं. विकलं म्हणजे संपूर्ण विकलं. 'फॅमिली बायबल' १९६० मध्ये क्लॉड ग्रेने गाजवलं तेव्हा गीतकार म्हणून विलीचं नाव कुठेच नव्हतं. 'हॅलो वॉल्स'ही तो विकायलाच निघाला होता. फॅरन यंगने गाणं विकत घ्यायला नकार दिला आणि उलट ५०० डॉलर उसने दिले, गाणं तुझ्याकडेच ठेव म्हणून. त्या एका नकाराने फरक पडला.

अमेरिकेत गाण्याच्या रचनेचं उत्पन्न साधारण दोन अर्ध्या भागांत विचारात घेतात, एक लेखकाचा आणि एक प्रकाशकाचा. प्रकाशकाचा वाटा देणं हा व्यवहार आहे, नेहमी होतो. लेखकाचा वाटा आणि नाव देणं हा तोटा. ध्वनिमुद्रणाचे हक्क ही त्याहून निराळी गोष्ट, ती सहसा रेकॉर्ड कंपनीकडे असते. म्हणून 'क्रेझी' पॅट्सीने गायलं तरी रचनेचे पैसे विलीकडेही येत राहिले.

आज लिहिणाऱ्यांनी: गाणं ज्या दिवशी पुरं होईल त्याच दिवशी सहलेखकांच्या वाट्यांचा कागद करायचा, टक्केवारीची बेरीज १०० आली पाहिजे, सगळ्यांच्या सह्या. गाणं चाललं की मग वाटे ठरवायला बसलं तर मैत्री तुटते. एएससीएपी किंवा बीएमआयसारख्या, गाणी वाजवल्याचे पैसे गोळा करून लेखकांना देणाऱ्या संस्थेत लेखक म्हणून नाव नोंदवायचं. आणि १९७८ पासून पुढे लेखकाने स्वतः हक्क दिले असतील तर साधारणपणे ३५ वर्षांनी ते परत मागता येतात, पण त्यासाठी दोन ते दहा वर्षं आधी लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस राहिली की संधी गेली.

पैशाचं दुसरं टोक १९९०. आयकर खात्याने १ कोटी ६७ लाख डॉलरची थकबाकी काढून मालमत्तेवर जप्ती आणली. त्यातून निघाला 'द आयआरएस टेप्स', फक्त आवाज आणि गिटार, आधी फोनवरून मागवण्याची सोय करून विकलेला. १९९३ मध्ये ते प्रकरण मिटलं. नावामुळे लोक चेष्टा समजून हा अल्बम सोडून देतात. गीतकार विली ऐकायचा तर यासारखी जागा नाही, कारण लपायला एकही वाद्य नाही.

जुनी टेप

'आयआरएस टेप्स'ला अनुमोदन. सत्रात त्यातली दोन गाणी तरी घ्याच.

उत्तरार्धासाठी आणखी दोन: 'स्पिरिट' (१९९६), ज्यात ड्रम नाहीतच, आणि 'टिआट्रो' (१९९८), डॅनियल लान्वाची निर्मिती, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डच्या जुन्या चित्रपटगृहात मुद्रित, सोबत एमिलू हॅरिसचा आवाज. पहिला निरव, दुसरा तालवाद्यांनी भरलेला. एकाच माणसाचे दोन वर्षांच्या अंतराने निघालेले अल्बम आहेत हे सांगून दोन्हींतलं एकेक पाठोपाठ लावा.

'वाँटेड! दि आउटलॉज' (१९७६) कंट्रीतला पहिला प्लॅटिनम (दहा लाख प्रती खपलेला) अल्बम म्हणून प्रसिद्ध आहे, पण ते आरसीएने जुन्या मुद्रणांतून जुळवलेलं संकलन आहे. इतिहासात उल्लेख करा, ऐकवू नका.

पडदा असेल तर 'ऑस्टिन सिटी लिमिट्स' या दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला नमुना-भाग विलीचाच, १९७४ चा. दोन मिनिटं दाखवा, म्हणजे तो आणि मंडळी किती शांतपणे वाजवतात ते दिसेल.

डॅलसकर

सगळ्यांचे आभार. यादी अशी करतो, चुकत असेल तर सांगा:

फॅरन यंग 'हॅलो वॉल्स', पॅट्सीचं 'क्रेझी', विलीचं १९६२ चं 'क्रेझी' आणि टाळ्यांचा प्रयोग, पँथर हॉलची गुंफण, 'रेड हेडेड स्ट्रेंजर'ची पहिली १३ मिनिटं, मग दहा मिनिटं चहा, गटातल्या दोघांचं 'क्रेझी', 'स्टारडस्ट'मधून 'जॉर्जिया', 'पाँचो अँड लेफ्टी' (कंट्री गायक मर्ल हॅगर्डबरोबर, १९८३), 'आयआरएस टेप्स'मधली दोन, 'स्पिरिट' आणि 'टिआट्रो'मधलं एकेक. ऐकणं पन्नास मिनिटांच्या आत बसतंय, बाकी बोलणं.

दुसऱ्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी ॲबटला, त्याच्या जन्मगावी जायचं ठरतंय. त्यासाठी काही?

मध्यलय

चहा 'रेड हेडेड स्ट्रेंजर'च्या आधी घ्या, नंतर नको. त्या तेरा मिनिटांनंतर कपबशा वाजल्या तर सगळं गेलं. तिथून सरळ 'जॉर्जिया'वर जा, आणि गटातल्या दोघांना पँथर हॉलच्या पाठोपाठ ठेवा. चहा करणाऱ्यांना तेवढाच वेळ मिळतो.

'पाँचो'त शेवटचं कडवं मर्लचं आहे, तिथे आवाज थोडा वाढवा, तो दबतो.

जुनी टेप

ॲबट म्हणजे आय-३५ महामार्गावरून दक्षिणेला, वेको यायच्या आधी. गाव अगदी लहान, तिकीट-खिडकी वगैरे काही नाही. विली आणि बॉबी ज्या मेथडिस्ट चर्चमध्ये लहानपणी गात, ते २००६ मध्ये बंद पडायची वेळ आली तेव्हा त्यांनीच विकत घेतलं. ते बाहेरून बघा, तासाभरात गाव संपतं. भूक लागली की जवळच्या वेस्ट नावाच्या गावात थांबा, तिथे चेक वस्तीमुळे कोलाचे (सारण भरलेले गोड पाव) चांगले मिळतात. वेस्ट हे गावाचं नाव आहे, दिशेचं नव्हे, मागून येणाऱ्या गाड्यांना आधीच सांगून ठेवा.